झुंबरबाईच्या गाण्याबद्दल भोंग्याची साक्ष

मी भोंगा बोलतोय. अभिमन साउंड सर्व्हिसचा, मुक्काम शिरपूर तालुका, अंगानं ॲल्युमिनियमचा आणि तोंडानं मोठा. हळू बोलायला मला येत नाही, कोणी शिकवलंही नाही. तेव्हा जरा लांब बसूनच ऐका.

सध्या मी अभिमनच्या घराच्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, पडून असतो, पाण्याच्या टाकीशेजारी. परवा तिथं केबलची वायर ओढायला दोन गडी चढले. एक म्हणाला, ऐंशीनंतरच्या दहा वर्षांतली गाणी म्हणजे निव्वळ कचरा. दुसरा म्हणाला, चल रे, कचरा तर आत्ताची. चांगला अर्धा तास वाद घातला, तोही माझ्या पाठीवर पाय देऊन. ज्याच्या घशातून ती सगळी गाणी गेली त्याला विचारावं, हे काही दोघांना सुचलं नाही. म्हणून म्हटलं, आता न विचारता सांगू. तसंही न विचारता बोलणं हाच माझा धंदा.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. शुद्धीवर आलो तो धुळ्याच्या एका दुकानात, भाताच्या पेंढ्यात गुंडाळलेला. साल ब्याऐंशी. अभिमन मला मांडीवर घेऊन एसटीनं गावी आला. कंडक्टर म्हणाला, याचंही अर्धं तिकीट काढ. अभिमन तेव्हा नुकती मिशी फुटलेला, अंगानं काडी आणि हौस मात्र हत्तीएवढी. घरी पोचल्यावर चहासुद्धा न पिता त्यानं मला ॲम्प्लिफायरला जोडलं, माईक तोंडाशी धरला आणि म्हणाला, 'हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री.' गेल्या सतरा वर्षांत तो थ्रीच्या पुढे गेलेला मी ऐकला नाही.

मग सुरू झाली गाणी. खोटं कशाला सांगू, त्यातली बहुतेक भयंकर होती. गाणाऱ्याचा गळा कमी आणि पेटीत कोंबलेली यंत्रं जास्त. मध्येच कोणीतरी 'हूं, हा' असं कण्हायचं, म्हणजे पोट दुखल्यासारखं. शब्दांचं तर बोलूच नका. हिरोच्या पायात पांढरे बूट, अंगात चमकणारा कोट, आणि तो तळहातावर जीव घेऊन काय सांगतोय, तर मला नाचू द्या. नाच की बाबा, कोणी धरलंय. पण हे मी मनात म्हणायचो, बाहेर त्याचंच ओरडायचो. नोकरीच तशी.

वर्षाला शंभर गाणी माझ्या घशातून जायची. त्यातली नव्वद पुढच्या लग्नसराईपर्यंत मरायची आणि कोणी सुतक पाळायचं नाही. आमच्या गावात चांगलं गाणं कोणतं याचा हिशेब सोपा होता. ज्याचं लग्न ज्या साली झालं, त्या सालापर्यंतची गाणी चांगली, पुढची वाह्यात. हे मी चाळीस मांडवांत टांगला जाऊन शिकलोय. सासरे म्हणायचे आमच्या वेळची गाणी काय होती, आणि त्यांचे म्हातारे कोपऱ्यात बसून म्हणायचे, तीसुद्धा छचोरच होती.

आता मुद्द्यावर येतो. मुद्दा झुंबरबाईचा.

झुंबरबाई आमच्या गल्लीतली. सगळे तिला अक्का म्हणायचे. नवरा लवकर गेलेला, दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचायला आणि निंदायला जायची, आणि एकच लेक, ताईबाई. चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात ताईबाईचं लग्न झालं. जावई वरणगावच्या फॅक्टरीतला, म्हणजे सरकारी नोकरीवाला. अक्का हरखून गेली होती. मांडव होता, मी निंबाच्या फांदीवर होतो आणि सगळं झ्याक चाललं होतं, पाठवणीपर्यंत.

पाठवणीला एक ठरलेलं रडकं गाणं लावायचं असतं. बाप, बाग, पाखरू, असं काहीतरी त्यात असतं. ते वाजलं की पाहुण्यांनासुद्धा रडायची सोय होते. अभिमननं ती कॅसेट लावली आणि नेमकी तिची टेप मशीनच्या पोटात गुंतली. तो बिचारा पेन्सिल खुपसून गुंडाळत बसला, इकडे नवरी दारात आली, सगळ्या बाया तोंडाला पदर लावून गाण्याची वाट बघतायत. घाबरून त्यानं हाताला लागेल ती कॅसेट आत ढकलली.

लागलं काय, तर हॉटेलातलं नाचाचं गाणं. एक बाई एका सभ्य माणसाला प्याल्यावर प्याला पाजते आणि म्हणते, बस ना, आत्ताच कुठे निघालास, एवढी घाई काय आहे. मागे ढिचॅक ढिचॅक. मी निंबावरून हे सगळ्या पंचक्रोशीला ऐकवत होतो आणि खाली झुंबरबाई लेकीच्या गळ्यात पडून रडत होती. कोणी बंद कर म्हटलं नाही. रडताना कोणाला शब्द ऐकू येतात? गाणं संपेपर्यंत ताईबाई मोटारीत बसून फाट्याच्या पुढे गेली होती.

मला वाटलं, झालं, उद्या अभिमनला आणि मला दोघांनाही गावाबाहेर काढतील. पण कोणी काढलं नाही.

पुढच्या वर्षी श्रावणात कानबाई आली. कानबाई म्हणजे आमची घरोघरची देवी. रविवारी बसते आणि सोमवारी सकाळी बाया तिला डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर नेतात, वाटेत फुगड्या, वाटेत गाणी. मी बैलगाडीवर बांधलेला. अभिमननं तेच हॉटेलचं गाणं लावलं, कारण त्या वर्षी ते जिकडे तिकडे चाललं होतं. आणि गाडीशेजारून चालता चालता झुंबरबाईनं त्याच चालीवर भलतेच शब्द म्हणायला सुरुवात केली.

'कानबाई माय वं, वरणगाववरथीन जाय वं,
मनी ताईबाई भेटनी तं, निरोप सांगजो वं.'

म्हणजे, आई, वरणगाववरून जा, माझी ताईबाई भेटली तर निरोप सांग. हळूहळू बाजूच्या दोघी म्हणायला लागल्या, मग दहा जणी. अभिमननं माझा आवाज बारीक केला. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मला गप्प बसावंसं वाटलं आणि पहिल्यांदाच मला गप्प बसवलं गेलं, म्हणून ते नीट लक्षात आहे.

तुम्ही म्हणाल, लेकीला स्वतःच का नाही म्हणून दाखवलं? अहो, कसं दाखवणार. कानबाईला ताईबाई सासरी. तिथं घरची कानबाई बसायची, सून लागायचीच. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी यायची, पण अखाजीला झोक्याची गाणी, कानबाईचं गाणं कानबाईलाच. आणि लेकीच्या तोंडावर 'तुझी आठवण येते' असं म्हणणारी बाई आमच्या गावात अजून जन्मायची आहे. अखाजीला ताई आली की अक्का तिला सांगायची, 'जाड व्हयनी तू.' एवढंच प्रेम.

तर ते गाणं दर वर्षी वाढत गेलं. दोन ओळींच्या बारा झाल्या. मूळचं हॉटेलवालं गाणं तोवर मेलं, त्याची बाई, तिचा प्याला, सगळं लोक विसरले. एक्याण्णव साली गणपतीच्या मंडळाला आरत्यांची कॅसेट हवी होती. अभिमननं तीच जुनी कॅसेट घेतली, तिच्या तुटलेल्या खाचेवर चिकटपट्टी लावली आणि वरून आरत्या भरल्या. वर कागद डकवला, 'आरत्या'. झालं, नाचणारीचं श्राद्धही उरकलं, असं मला वाटलं.

मधल्या काळात गावात वना गुरुजी बदलून आले होते. माणूस सज्जन, पण गाण्याच्या बाबतीत एकदम कडक. मी वाजायला लागलो की ते कानात कापूस घालायचे, आणि कापसाला आमच्याकडे काय तोटा. शहाण्णवच्या कानबाईला काही पोरं मिरवणुकीत नको तसली नाचली. गुरुजींनी देवळात सभा घेतली आणि ठराव करून टाकला. 'पुढच्या वर्षीपासून कानबाईत सिनेमाचं एकही गाणं नको. फक्त आपली परंपरेनं आलेली गाणी.' आणि परंपरेचं उदाहरण म्हणून त्यांनी कोणतं गाणं सांगितलं असेल? अक्काचं. वहीत उतरवून घेतलं होतं त्यांनी. खाली लिहिलं होतं, किमान शंभर वर्षे जुने.

मी देवळापुढच्या निंबावर होतो. हसता आलं असतं तर फांदी मोडली असती. अभिमन मान खाली घालून वायर गुंडाळत होता. झुंबरबाई डोक्यावरचा पदर पुन्हा पुन्हा सारखा करत होती.

सत्त्याण्णवच्या कानबाईला गुरुजींनी धुळ्याहून कुसुमलताबाईंना बोलावलं. त्या कॉलेजात शिकवायच्या, बायांची गाणी गोळा करायच्या. गोऱ्या, चष्मा, खांद्याला टेपरेकॉर्डर. सोमवारी सकाळी मिरवणूक निघायच्या आधी त्यांनी अक्काला ओट्यावर बसवून गाणं भरून घेतलं. मग म्हणाल्या, 'अक्का, यातली निवडक गाणी जळगाव केंद्रावरून रेडिओवर लागणार आहेत. तुमचं मी पहिलं देते.'

झुंबरबाईनं विचारलं, 'वरणगावले आयकू येस का ते?'

'स्पष्ट येतं. जळगावहून वरणगाव किती लांब आहे?'

अक्काचा चेहरा मी बैलगाडीवरून बघितला. बारा वर्षं ती देवीकडे जो निरोप देत होती तो आता थेट लेकीच्या स्वयंपाकघरात पोचणार होता, तोही तोंडावर न बोलता.

'हे गाणं कोणाकडून शिकलात?' कुसुमलताबाईंनी वही काढली.

'आयकेल शे,' अक्का म्हणाली. यात खोटं काहीच नव्हतं.

'आजीकडून,' गुरुजींनी भर घातली. बाईंनी लिहून घेतलं.

आता घडलं ते असं. बाया जमायच्या होत्या, म्हणून अभिमननं आरत्यांची कॅसेट लावली आणि चहा प्यायला गेला. आरत्या भरल्या होत्या पंधरा मिनिटांच्या आणि कॅसेटची बाजू तीस मिनिटांची. हे त्याच्या ध्यानात सहा वर्षांत आलं नव्हतं, कारण गणपतीत आरती संपली की कोणीतरी बटण दाबायचं. शेवटची आरती संपली. खरखर झाली. आणि मग खालून, पुसायची राहून गेलेली ती बाई निघाली. ढिचॅक ढिचॅक. बस ना, आत्ताच कुठे निघालास, एवढी घाई काय आहे.

माझा आवाज फुल्ल होता. दुसऱ्या ओळीला बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. तिसऱ्या ओळीला कुसुमलताबाईंनी पेनाचं टोपण लावलं. गुरुजींनी चालीवर मान हलवली, मग थांबवली. अभिमन हातातला कप टाकून धावत आला आणि त्यानं बटणाऐवजी वायरच उपटली.

शेवटी गुरुजी म्हणाले, 'झुंबरबाई, तुम्हाला ठाऊक होतं?'

'ठाऊक व्हतं,' अक्का म्हणाली. 'मनी ताई गयी तवय हाईच वाजी राहिनं व्हतं.'

'अहो, पण हे दारूच्या अड्ड्यावरचं गाणं. देवीपुढे?'

अक्का उठली. चौरंगावरच्या नारळाच्या कानबाईकडे बोट केलं. 'गुरुजी, हाई नारय सुरेशचंद शेठना दुकानमाईन आनेल शे. काल तराजूखाले पडेल व्हतं. घर आनं, धोयं, नथ घाली, साडी नेसाडी, तवय ती कानबाई व्हयनी. आते तुम्ही पाय पडतस ना? तिले कोनी ईचारस का, तू कोनता दुकाननी? गानंबी मी घर आनं, धोयं, नेसाडं. माले शरम नही.'

कुसुमलताबाई जवळ आल्या, अक्काचा हात धरला आणि जे खरं ते बोलल्या. 'अक्का, तुमचे शब्द सोन्यासारखे आहेत. पण चाल सिनेमाची आहे, ती दुसऱ्याच्या मालकीची. रेडिओवर लोकगीत म्हणून नाही घेणार ते.'

मिरवणूक निघाली. बायांनी दुसरी गाणी म्हटली. झुंबरबाई नदीपर्यंत मुकाट चालली. मी बैलगाडीवर उपटलेल्या वायरीसकट हिंदकळत होतो आणि मला माझ्या तोंडाची पहिल्यांदा चीड आली. नदीवर अभिमन तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. 'अक्का, मनी चुकी व्हयनी.'

'चुकी काय भो,' ती म्हणाली. 'आते ताईले कोन सांगी, तेवढं सांग.'

अभिमन फार हुशार नाही, पण एकदा डोक्यात घेतलं की सोडत नाही. आठ दिवस तो रोज टेपरेकॉर्डर घेऊन तिच्या ओट्यावर जाऊन बसायचा. ती म्हणायची नाही. नवव्या दिवशी शेंगा फोडता फोडता म्हणाली. मध्ये मध्ये शेंग फुटल्याचा आवाजही आला, तो त्यानं तसाच ठेवला.

मार्गशीर्षात आम्हाला भुसावळच्या एका लग्नाची सुपारी होती. परत येताना अभिमननं टेम्पो वरणगावकडे वळवला. ताईबाईच्या घरी टेपरेकॉर्डर होता, नुसती कॅसेट दिली असती तरी चाललं असतं. पण अभिमनला भोंग्याशिवाय वाजलेलं गाणं वाजल्यासारखं वाटतच नाही. भर दुपारी त्यानं मला तिच्या कुंपणावर चढवलं, बॅटरी जोडली आणि म्हणाला, हॅलो, माईक टेस्टिंग.

ताईबाई धुणं टाकून ओल्या हातानं बाहेर आली. केसांत एक-दोन पांढरे. खाटेवर सासू पापड राखत बसलेली. मी अक्काचं गाणं सुरू केलं. वरणगाववरथीन जाय वं. ताईबाई हातातलं फडकं पिळत राहिली, पाणी संपलं तरी पिळत राहिली. सासूनं विचारलं, 'कोन गायी राहिनं?'

'मनी माय,' ती म्हणाली.

बाराही ओळी झाल्या. मला वाटलं, आता रडेल. तिनं नाक ओढलं आणि म्हणाली, 'माय मधली ओळ चुकस. चाल तशी नही.'

आणि ती गायला लागली. अक्काचे शब्द नव्हेत, हॉटेलवाल्या बाईचे. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक शब्द न चुकता, ते 'हूं, हा' सुद्धा. सासूच्या हातातली पापड राखायची काठी खाली पडली आणि कावळ्यांनी दोन पापड नेले.

'तुले हाई बठ्ठं पाठ शे?' अभिमननं विचारलं.

'माले दुसरं काही आठवतच नही त्या दिनचं,' ताईबाई म्हणाली. 'मोटारमा बसनू, तोंड वयायी दखं, माय रस्तामा हुभी. आनि ती बाई म्हनी राहिनी व्हती, थांब ना, घाई काय शे. माले वाटे, मायच म्हनी राहिनी.'

अभिमननं कॅसेट उलटी केली, लाल बटण दाबलं आणि ताईबाईनं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला त्यानं मला झुंबरबाईच्या दारातल्या निंबावर चढवलं. शाळा सुटली होती, गुरुजी रस्त्यानं येत होते. आणि मी वरणगावच्या, सरकारी नोकराच्या बायकोच्या, दोन लेकरांच्या आईच्या आवाजात ते हॉटेलचं गाणं सगळ्या गावाला ऐकवलं. बस ना, एवढी घाई काय आहे.

'हे काय लावलंय, अभिमन?' गुरुजी म्हणाले.

'अक्काले उत्तर उनं, गुरुजी.'

गुरुजींनी अक्काकडे बघितलं. ती ओट्यावर खांबाला टेकून बसली होती. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते पुसायचं तिच्या ध्यानात नव्हतं. गाणं संपलं. ती म्हणाली, 'परत लाव.'

परत लावलं. पुन्हा म्हणाली, परत लाव. चौथ्यांदा गुरुजी खाली पायरीवर टेकले आणि मधली ओळ कशी आहे ते मान वाकडी करून ऐकत बसले. दिवेलागणीपर्यंत बॅटरी उतरली. पुढच्या कानबाईला बायांनी अक्काचंच गाणं म्हटलं, मधली ओळ सुधारून. ठरावाची आठवण कोणी काढली नाही आणि गुरुजींनी करून दिली नाही.

त्यानंतर अभिमननं मोठाले बॉक्स आणले, ते जमिनीवर उभे राहतात आणि लोकांची छाती हादरवतात. मला काढून धाब्यावर ठेवलं. तोंडाला पोचा पडलाय, आत चिमणीनं काड्या आणून टाकल्यात. अभिमनबद्दल तक्रार नाही, त्यालाही पोट आहे.

ऐंशीनंतरची गाणी टिकली का, असा सवाल होता. बहुतेक नाही टिकली, मी गायली आहेत, मला ठाऊक आहे. त्यातली चार-दोन कोणाच्या घरी राहिली असतील. कुठल्या घरी, ते गाण्याच्या कागदावर लिहिलेलं नसतं आणि शहाण्या माणसांना ते दिसत नाही. म्हणून भंगारात जाण्याआधी तुमच्याकडे एवढंच मागतो. ज्या गाण्याची तुम्हाला लाज वाटते ना, ते एकदा दार उघडं ठेवून मोठ्यानं लावा, आणि ओल्या हातानं बाहेर कोण येतं ते बघा.